आरशावर विभूती, दगडाला शेपूट

मी एक आरसा बोलतोय. पण केस विंचरायला माझ्यासमोर उभे राहू नका. मी ताटासारखा किंचित खोल आहे. माझ्यात तुमचं नाक भोपळ्याएवढं दिसेल आणि बोल मात्र मला लागेल. माणसाला जे दिसतं ते पटलं नाही, की तो आधी आरशाकडे संशयाने बघतो. हे मी इतक्या वेळा भोगलंय, की आता मीही माणसांकडे संशयानेच बघतो.

मी दुर्बिणीतला आरसा आहे. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात, नागप्पा किराणावाल्यांच्या घरात राहतो. दिवसा पत्र्याच्या डब्यात, देवघराच्या कोनाड्यात. काम असेल तेव्हा माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, दुर्बिणीच्या नळीच्या तळाशी, आभाळाकडे तोंड करून.

जन्माने मात्र मी आरसा नव्हे. मी एका जहाजाची खिडकी होतो, वीतभर लांब बोटांच्या माणसाच्याही पंज्यात मावणार नाही अशी गोल, जाड काच. माझ्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खलाशी. धुकं पडलं की खलाशी मला बोटाने चोळून बघत. धुकं बाहेर आहे की काचेवर? बहुतेक वेळा ते बाहेरच असे, तरी चोळल्याशिवाय कोणाला खरं वाटत नसे. संशयाची पहिली ओळख मला तिथे झाली.

जहाज म्हातारं झालं, किनाऱ्यावर चढवून तोडलं गेलं आणि मी मुंबईच्या जुन्या बाजारात पितळी दिव्यांच्या ढिगाखाली येऊन पडलो. तिथे मला रुद्राणीने उचललं. उन्हात धरलं, तिरकं केलं, आत बुडबुडे आहेत का ते डोळा बारीक करून पाहिलं.

"टेबल करणार का बाई?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. आकाश बघणार."

दुकानदाराने मला घाईघाईने कागदात गुंडाळलं. बाईचं मन बदलेल अशी त्याला भीती वाटली असावी.

रुद्राणी ही नागप्पांची मुलगी. शाळा तलवाड्यात, कॉलेज अंबाजोगाईत, पुढचं शिक्षण बंगळूरला आणि त्याच्याही पुढचं साता समुद्रापलीकडे. तिकडे मोठमोठ्या दुर्बिणी वापरून झाल्यावर तिच्या मनाने घेतलं, की आपल्या गावातल्या पोरांनाही आभाळ दाखवायचं. त्यासाठी ती परत आली. बीडच्या स्टँडवर एसटीत चढताना मी तिच्या मांडीवर होतो, एका जुन्या रजईत गुंडाळलेला.

"काय हाय त्यात?" कंडक्टर म्हणाला.

"काच."

"काच म्हणं! रजईत घालून कोण काच नेतंय? सोडा बघू गाठ."

गाठ सोडली. मी निघालो. त्याने मला टिचकी मारून पाहिली, मग रुद्राणीकडे पाहिलं आणि तिकीट देताना मान हलवली.

गावात तर विचारूच नका. "कावून आली परत?" हा एकच प्रश्न पारावर, पिठाच्या गिरणीत आणि पाण्याच्या टाकीपाशी फिरत होता. कोणी म्हणे नापास झाली असंल. कोणी म्हणे तिकडं काहीतरी भानगड झाली असंल. एकाने तर सांगितलं, की ती सरकारची माणूस हाय, कारखान्यासाठी जमिनी हेरायला आली. शिकलेली पोरगी आपल्या खुशीने तलवाड्याला परत येते, ही गोष्ट सोडून बाकी सगळ्या गोष्टींवर गावाचा विश्वास बसला.

रुद्राणीने मला दुकानामागच्या गोदामात नेलं. तेलाच्या रिकाम्या पिंपावर तिने दुसरी एक काच बसवली, तिच्यावर कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड आणि पाणी टाकलं, आणि मला त्या काचेवर ठेवून घासायला सुरुवात केली. पुढे ढकलायचं, मागे ओढायचं, मग पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं घासत राहिलं की वरची काच हळूहळू खोल होते. उन्हाळाभर ती माझ्याभोवती फिरत होती.

गंगासागर आत्या दारात येऊन बघत उभी राहायची. ही नागप्पांची थोरली बहीण. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत.

"रुद्रे, शंकराला पुरी प्रदक्षिणा घालीत न्हाईत गं. अर्ध्यातून माघारी फिर."

"आत्या, हा शंकर नाही. काच आहे."

"फिरतीस तर भक्तीनं, आन् म्हंती शंकर न्हाई!"

दुसऱ्या दिवसापासून रुद्राणी अर्धा फेरा पुढे आणि अर्धा फेरा मागे फिरू लागली. काचेला त्याने काही फरक पडत नाही, आणि आत्या दारातून हलते, असं तिच्या लक्षात आलं होतं.

मग तांबड्या भुकटीने मला गुळगुळीत केलं आणि पुण्याला नेऊन माझ्या अंगावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवला. आजवर मी सगळ्यांना माझ्या आरपार जाऊ देत होतो; आता जे समोर येईल ते परत पाठवू लागलो. खिडक्या मला आपला म्हणेनात, आणि घरातले आरसे तर कधीच म्हणणार नव्हते.

माळवदावर दुर्बीण उभी राहिली. लाकडी खोक्यात बसवलेली लांब नळी. गावाने तिचं नाव ठेवलं तोफ.

एका संध्याकाळी सुंदरराव आले. गावातले मोठे जमीनदार, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, पांढरेशुभ्र कपडे. त्यांनी चंद्र पाहिला. बराच वेळ पाहिला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून नळीच्या तोंडावर टाकला. चंद्र गेला. टॉवेल काढला. चंद्र आला.

"आत फोटू चिकटवलाय," ते म्हणाले.

"फोटो असता तर टॉवेल टाकल्यावर कसा गेला असता, काका?"

"तेच तर. बटन कुटं लपवलंय ते दाव."

तरीही रुद्राणी त्यांच्या मागे लागली. शाळेच्या गच्चीवर एक खोली रिकामी होती. ती दिली तर दुर्बीण तिथे ठेवता येईल, पोरांना रोज आभाळ बघता येईल. पण त्याच गच्चीवर सुंदररावांच्या भाच्याचाही डोळा होता. विजयसिंहाला गावात केबल आणायची होती, आणि डिशची छत्री लावायला शाळेएवढी उंच जागा दुसरी नव्हती.

"ताई," विजयसिंह एकदा दुकानात येऊन म्हणाला, "माझ्या छत्रीत तीस चॅनल येतेत. तुमच्या तोफंत किती?"

"एकच. पण मध्ये जाहिराती नाहीत."

नागप्पा गूळ तोलता तोलता हसले. भाच्याबरोबर आलेले सुंदरराव हसले नाहीत. "दसऱ्याला काय ते सांगतो," म्हणाले.

आता त्या दगडाची गोष्ट. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. दुर्बिणीतूनही ते नुसते ठिपके दिसतात, ताऱ्यांसारखेच. फक्त रोज थोडे सरकतात. शेपूट असतं ते धूमकेतूला. त्याच्यात बर्फ असतो, सूर्याजवळ आला की त्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर धूळ उडते. लघुग्रह कोरडा. तो बापजन्मी शेपूट काढत नाही, अशी सगळ्यांची समजूत. रुद्राणी पहाटे उठून अशा काही लघुग्रहांची हजेरी घ्यायची. पारावरच्या म्हाताऱ्यांसारखे ते आपापल्या जागी आहेत ना, एवढंच बघायचं.

ते शहाण्णव साल. नवरात्र चालू होतं. चंद्र मावळल्यावर, नवमीच्या पहाटे, तिने पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळचा एक दगड पाहिला आणि डोळा काढलाच नाही. ठिपका नेहमीपेक्षा ठसठशीत होता, आणि त्याला एका बाजूने बारीक, धुरकट रेघ फुटली होती.

खरं सांगतो, मलाही आधी माझाच संशय आला. कुठे ओरखडा तर नाही? कुठे दव तर नाही साचलं? मी अंगभर चाचपून पाहिलं. काही नव्हतं. तो उजेड आला तसा मी वर पाठवला होता.

उजाडताच रुद्राणी स्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेली आणि बंगळूरच्या तिच्या बसवेश सरांना फोन लावला. सर काय म्हणाले ते तिने घरी येऊन आत्याला सांगितलं, आणि मी कोनाड्यातून ऐकलं.

"सर म्हणाले, आधी आरसा तपास."

बघा! पाचशे मैलांवर बसलेला माणूस, मला कधी पाहिलेला नाही, आणि संशय माझ्यावर.

"म्हणाले, उद्या पहाटे पुन्हा बघ. आरसा पाव फेरा फिरव. शेपूट आरशाबरोबर फिरलं तर ते आरशाचं. जागच्या जागी राहिलं तर आकाशाचं. आणि उद्याच बघ. चंद्र रोज उशिरा मावळतोय, चार-पाच दिवसांत पहाटेचा अंधार उरणार नाही."

बूथमध्ये तिच्या मागे चार माणसं नंबर लावून उभी होती. त्यामुळे दुपारपर्यंत गावात कळलं, की नागप्पाच्या पोरीला शेंडेनक्षत्र, म्हणजे अपशकुनी धूमकेतू, दिसलं. तीन वर्षांपूर्वीच्या भूकंपाची धडकी अजून लोकांच्या पोटात होती. बायका दुकानात मीठ घ्यायला येत आणि हळूच विचारत, "आता कुटं हलायचं म्हनं?"

सुंदरराव दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. "मागल्या साली गनपती दूध पेत व्हते. औंदा तुमच्या दगडाला शेपूट फुटलं. नागप्पा, तुमी तरी हिला काही सांगता का न्हाई?"

"मी काय सांगू?" नागप्पा म्हणाले. "माझा धंदा खालच्या वजनांचा."

"उद्या पहाटं तुम्हीच या ना माळवदावर," रुद्राणी म्हणाली. "तुमच्या डोळ्यांनी बघा."

"येतो. शेपूट खरं निगालं तर गच्चीवरली खोली तुझी. खोटं निगालं तर विजयसिंहाची छत्री. मग कुरकुर न्हाई करायची."

"कबूल."

ती उठून शाळेतली ती खोली बघायला गेली. पहाटेची जागी होती, पण पाय जमिनीवर नव्हते. आणि इकडे घरात जे झालं ते तिला कळलं नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांच्या पूजेचा दिवस. नागप्पांनी तराजू चिंचेने लखलखीत घासला, वजनं ओळीने मांडली. विळी, कुऱ्हाड, शिवणयंत्र, सगळ्यांना धुऊन पुसून गंध-फूल मिळालं. आत्या ताट घेऊन देवघरात आली. तिची नजर माझ्या डब्यावर गेली.

"ह्याला कुनी विचारलं का न्हाई?" ती स्वतःशीच म्हणाली. "पोरगी दिवसरात ह्याच्यावर जीव टाकती, आन् हा उपाशी."

तिने झाकण उघडलं. विभूतीत पाण्याचा थेंब घातला आणि तीन बोटं माझ्या अंगावरून आडवी ओढली. डावीकडून उजवीकडे, सावकाश. मग बरोबर मध्यावर कुंकवाचा टिळा, एक झेंडूचं फूल, आणि दोन्ही हात जोडून नमस्कार.

काय सांगू तुम्हाला! आजवर मला चोळलं, टिचकी मारली, तिरकं धरलं, तपासलं. कोणी हात जोडले नव्हते. काही न विचारता माझ्यावर विश्वास ठेवणारं ते पहिलं माणूस. आणि तिनेच मला बिघडवलं होतं. मला ते कळत होतं, पण आरशाला ओरडता येत नाही.

पहाटे चंद्र मावळल्यावर रुद्राणीने डबा माळवदावर नेला. डोळे अंधाराला सरावलेले हवेत म्हणून ती मला नेहमी चाचपडतच बसवायची, कडेने धरून. फूल कधीच घरंगळून डब्यात पडलं होतं. तिला काही दिसलं नाही.

सुंदरराव मफलर गुंडाळून, काठी टेकत जिना चढून आले. आधी त्यांनीच डोळा लावला.

"अगं, हितं समद्यांलाच शेपट्या हायेत की! दोन बाजूंनी! मोठ्या ताऱ्याला मोठी, बारक्याला बारकी." ते खो-खो हसले. "तुजं आभाळ हाय का गावातली कुत्री?"

रुद्राणीने डोळा लावला. प्रत्येक ठळक ताऱ्याला वर आणि खाली पांढरट फराटा. त्या घोळक्यात तो दगड, आणि त्याची ती बारीक तिरकी रेघ. ती मागे सरली. "म्हणजे कालही आरशाचंच होतं," ती इतक्या हळू म्हणाली, की मला वाटलं ती मलाच म्हणतेय.

"मंग छत्रीचं ठरलं," सुंदरराव काठी उचलत म्हणाले.

एवढ्यात आत्या चहाचे कप घेऊन वर आली. "काय झालं? दिसंना का? काल तर मी इतकी मनापासून पूजा केली."

"कसली पूजा?"

"आरशाची. तीन बोटं विभूतीची वढली, कुंकू लावलं."

रुद्राणी ओरडली. ती आत्यावर इतक्या मोठ्याने आयुष्यात ओरडली नसेल. "आत्या! उन्हाळाभर घासलाय मी तो! त्याला नुसतं बोट लागलं तरी…"

आत्याने कप खाली ठेवले. "आन मग, पुसते मी. पदरानं पुसते."

"पुसू नका! हात लावू नका!" पूर्वेकडे कड फिकट व्हायला लागली होती. धुवायला, वाळवायला वेळ नव्हता, आणि उद्या चंद्र आणखी उशिरा मावळणार. ती थांबली. पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं. मग म्हणाली, "काका, दोन मिनिटं बसा. आमच्या अप्पांना दुकानात तराजूचा शक आला की ते काय करतात?"

"पारडी बदलून बघतेत."

"तेच करू. आत्या, इकडे या. मी सैल करते, तुम्ही खालून धरा."

त्या दोघींनी मला काढलं, पाव फेरा फिरवलं आणि पुन्हा बसवलं. आत्याच्या बोटांना अजून विभूतीचा वास होता.

"बघा आता. आणि जे दिसेल तेच सांगा."

सुंदररावांनी डोळा लावला. ते हसायच्या तयारीतच होते. मग त्यांची काठी माळवदावर आडवी पडली, तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

"शेपट्या फिरल्या," ते म्हणाले. "मगा उभ्या व्हत्या, आता आडव्या झाल्या. समद्यांच्या." ते थांबले. "एकाची न्हाई फिरली. त्यो मधला बारका… त्याची मगाशी जशी व्हती तशीच हाय. तिरकी."

रुद्राणीने पाहिलं आणि तिथेच खाली बसली. मग आत्याचे ते विभूतीच्या वासाचे हात तिने आपल्या तोंडावर ओढून घेतले. मी आणि माझं पाप सगळं फिरलं होतं. त्या दगडाचं त्याच्यापाशीच राहिलं होतं. आत्याने मला बिघडवलं नसतं, तर खोटं शेपूट कसं असतं आणि खरं कसं, हे त्या पहाटे सुंदररावांना कोणी दाखवलं असतं?

तुम्हाला वाटेल, मग खोली मिळाली. मलाही वाटलं होतं.

दसऱ्याला शाळेच्या मैदानात लोक एकमेकांना सोनं देत होते. रुद्राणी सुंदररावांपुढे गेली, आपट्याचं पान दिलं, पाया पडली. "काका, तुम्ही स्वतः बघितलं."

"बघितलं."

"मग खोली?"

सुंदररावांनी आवाज खाली घेतला. "बाई, खोटं असतं तर एक येळ हसून दिली असती. खरं हाय म्हनूनच देत न्हाई. शेंडेनक्षत्र शाळेच्या डोक्यावर आनून बसवलं म्हनतेल लोक. उद्या कुटं जमीन हलली, कुनाची बैलजोडी मेली, तर माझ्या दारात येतेल. छत्रीचं तसं काही न्हाई."

"पण ती नुसती धूळ आहे! एक लहान दगड त्या मोठ्या दगडावर आदळला, धूळ उडाली, आणि उन्हाच्या रेट्याने ती एका बाजूला लांबली. त्यात अपशकुन कुठे आला?"

भोवती बायका जमल्या होत्या. त्यांच्यातून आत्या पुढे झाली. "धूळ म्हंजी राखच ना गं? पांढरी?"

"तसंच काहीसं."

"मग भ्या कशाचं?" आत्या बायकांकडे वळली. "लिंगायताचा दगड असंल. आंगाला भस्म फासलं त्यानं, एवढंच."

बायका हसल्या. दोघी-तिघींनी तर आभाळाकडे बघून हात जोडले, भर दुपारी, चुकीच्या दिशेला. सुंदरराव मात्र हलले नाहीत. छत्री शाळेच्या गच्चीवर चढली.

संध्याकाळी बसवेश सरांचा निरोप आला. दूरच्या एका वेधशाळेनेही तो दगड शेपटासकट दोन रात्री आधीच टिपला होता. "तू पहिली नाहीस, पण खरी आहेस," असं सर म्हणाले. रुद्राणीने ते वाक्य आत्याला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा रडत आणि दुसऱ्यांदा जेवताना.

काही आठवड्यांत शेपूट विरलं. तो दगड पुन्हा साधा ठिपका झाला. सुंदरराव रोज कोणाला तरी पाठवून विचारत, "गेलं का?" गेलं म्हटलं तर विचारत, "नक्की ना?" शेवटी एका पहाटे स्वतःच वर आले, आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि जाताना रुद्राणीला म्हणाले, "आरसा फिरवून दाव. फिरवल्याबिगर मी मानत न्हाई." त्या दिवशी ती खूप वेळ हसत होती.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. रुद्राणी परत गेली नाही. गावाला अजून तिचा संशय येतो, पण आता तो पोरांच्या पायांनी येतो. लाईट गेली की शाळेवरची छत्री मुकी होते, आणि आमच्या जिन्यावर धडधड पावलं वाजतात. मराठवाड्यात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझं म्हणाल, तर मी थकलो. मुलामा जागोजागी उडालाय. विभूती दुसऱ्याच दिवशी धुतली, पण ओल्या राखेने मुलामा खाल्ला होता. आत्याच्या तीन बोटांच्या फिकट रेघा अजून माझ्या अंगावर आहेत. ठळक ताऱ्यांना अजून बारीक खोटं शेपूट दिसतं. नवीन पोरगा ओरडतो, "ताई, शेंडेनक्षत्र!" रुद्राणी त्याला काही सांगत नाही. मला फिरवायला लावते.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, माझा घ्या, सांगणाऱ्याचा घ्या, आभाळाचाही घ्या. पण संशय घेऊन काठी उचलून जिना उतरू नका. एकदा फिरवून बघा.

या हिवाळ्यात मला पुण्याला पाठवणार आहेत, नवा मुलामा चढवायला. काल रुद्राणी डब्यात कापूस भरत होती, आणि आत्या शेजारी बसून बघत होती.

"माझी बोटं जातेल का गं त्याच्यावरली?"

"जातील, आत्या."

"जाऊ दे. फुडल्या नवमीला पुन्हा वढीन."

"डब्यावर, आत्या! झाकणावर!"

"झाकनावरच गं बाई. मी काय येडी हाय?"

आत्या खोटं बोलतेय, असा मला दाट संशय आहे. आणि माझा हा एक संशय तरी खरा निघावा, असं मनापासून वाटतंय.